कीर्द, खतावणी आणि गोषवारा : लहान व्यवसाय आणि माहितीचा अतिभार

रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात, गुहागरच्या दक्षिणेस आणि हेदवीच्या उत्तरेस, समुद्राला लागून वेळणेश्वर हे गाव वसले आहे. वेळणेश्वराचे शिवमंदिर हे अनेक घराण्यांचे कुलदैवत असल्यामुळे दर्शनासाठी येणाऱ्यांची ये-जा येथे जुनी आहे. केवळ समुद्रकिनाऱ्यासाठी येणाऱ्यांची गर्दी मात्र त्या मानाने अलीकडची होय. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली आणि चिपळूणपर्यंतचा प्रवास सुकर झाला. पुढे रस्ते सुधारले, मोटारी वाढल्या आणि किनाऱ्यावरच्या गावांतून एक लहानसा व्यवसाय रूढ झाला. राहत्या घराच्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांस देणे, त्यांना घरचे जेवण वाढणे आणि जोडीला आमसूल, कोकमाचे आगळ, आंबापोळी, तळलेले गरे व आगरातली सुपारी विकणे, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप आहे.

या व्यवसायाचे भांडवल थोडे, मनुष्यबळ घरातलेच आणि हंगाम मोजका असतो. दिवाळीची सुटी, डिसेंबरची अखेर, महाशिवरात्र आणि एप्रिल-मे एवढ्याच काळात वर्षाच्या मिळकतीचा मोठा भाग हाती यावा लागतो. पूर्वी पाहुण्याचे पत्र येई, किंवा ओळखीच्या माणसाकडून निरोप येई. आज एकाच भ्रमणध्वनीवर विचारणा, व्हॉट्सॲपवरील संदेश, आरक्षणाच्या संकेतस्थळांच्या सूचना, ताऱ्यांत मोजलेले अभिप्राय, पैसे जमा झाल्याचे निरोप, शेजारच्या गावातील दरांची बातमी आणि व्यवसाय कसा वाढवावा याविषयीच्या असंख्य ध्वनिचित्रफिती येऊन पडतात. हे सर्व जिच्या हाती येते, ती व्यक्ती पुष्कळदा त्याच वेळी चुलीपाशी उभी असते. त्यातून एका शनिवारी एकच खोली दोघांना कबूल होते. मग रात्री नऊ वाजता लहान मुलांसह दारात उभ्या राहिलेल्या कुटुंबाला सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही. घरावरचा विश्वास हेच ज्याचे भांडवल, त्या व्यवसायाला अशी एक चूक महाग पडते.

अशा व्यवसायाने माहितीच्या या लोंढ्यात आपला साधेपणा आणि एकाग्रता कशी टिकवावी, हा प्रश्न वरकरणी व्यवस्थापनशास्त्राचा वाटतो. परंतु माहिती चिन्हांच्या रूपाने येते आणि चिन्हांचे वर्गीकरण व संक्षेप हा भाषेच्या अभ्यासाचाही विषय आहे. मराठी व्यवहारभाषेने या प्रश्नावर पूर्वीच काही उपाय घडविले असून ते तिच्या शब्दसंग्रहात आजही जिवंत आहेत. त्यांचे स्पष्टीकरण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१. अतिभार म्हणजे काय?

माहितीच्या अतिभाराची संज्ञा बर्ट्रम ग्रोस या अभ्यासकाने १९६४ साली संस्थांच्या व्यवस्थापनावरील आपल्या ग्रंथात वापरली. १९७० साली ॲल्विन टॉफ्लर याच्या ‘फ्यूचर शॉक’ या पुस्तकामुळे ती सर्वतोमुखी झाली. तिच्या मुळाशी असलेला मानसशास्त्रीय विचार मात्र याहून थोडा आधीचा आहे. जॉर्ज मिलर याने १९५६ साली असे दाखविले, की मनुष्याला एका वेळी तात्कालिक स्मृतीत सुमारे सातच गोष्टी, फार तर दोन कमी किंवा दोन अधिक, धरून ठेवता येतात. नेल्सन कोवन याने २००१ साली ही मर्यादा आणखी खाली, चारच्या आसपास, आणली.

मिलरच्या प्रतिपादनातील अधिक महत्त्वाचा भाग पुष्कळदा दुर्लक्षित राहतो. स्मृतीची मर्यादा सुट्या घटकांची नसून गटांची आहे, हा तो भाग होय. दहा सुटे अंक लक्षात राहत नाहीत. तेच दोन-तीन गटांत म्हटले, की राहतात. अक्षरांचा शब्द होतो, शब्दांचे वाक्य होते आणि ऐकणारा अक्षरे न मोजता अर्थ धरतो. भाषा हे गट पाडण्याचे मनुष्याचे सर्वांत जुने साधन आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

हर्बर्ट सायमन याने १९७१ साली या विचाराला आर्थिक रूप दिले. माहिती ही तिच्या ग्राहकाचे अवधान खर्च करते. म्हणून जेथे माहिती विपुल, तेथे अवधान दुर्मिळ, असे त्याचे म्हणणे. त्याच्या मते एखाद्या व्यवस्थेने किती माहिती आणून दिली यापेक्षा किती माहिती परस्पर थोपवून धरली, हे पाहिले पाहिजे. मराठीचा वाक्प्रचार याला अनुकूल आहे. मराठीत लक्ष ‘दिले’ जाते आणि ‘पुरविले’ही जाते. जे द्यावे लागते ते देणाऱ्यापाशी मर्यादितच असते आणि जे पुरवावे लागते ते अपुरे पडू शकते. व्यवसायाच्या हिशेबात पैसा, धान्य आणि सरपण यांची नोंद असते, परंतु लक्ष या चौथ्या वस्तूची नोंद कोणीच ठेवीत नाही.

यास्तव अतिभार हा केवळ राशीचा प्रश्न नव्हे. सर्व माहिती एकाच पातळीवर, एकाच दाराने आणि सारख्याच तातडीने येते, तेव्हा अतिभार निर्माण होतो. ज्यांच्यापाशी पातळ्या पाडण्याची रीत आहे, ते मोठी रासही पेलतात. ज्यांच्यापाशी ती नाही, ते दहा संदेशांनीही गांगरतात.

२. हिशेबाच्या शब्दांतील तीन पातळ्या

पातळ्या पाडण्याची ही रीत मराठी जमाखर्चाच्या परिभाषेत स्पष्ट दिसते. रोज जे घडले ते घडलेल्या क्रमाने लिहावयाचे, ती कीर्द किंवा रोजकीर्द. येथे निवड नाही आणि वर्गीकरणही नाही. त्या नोंदी पुढे ज्याच्या त्याच्या नावे, ज्या त्या सदराखाली उतरवून घ्यावयाच्या, ती खतावणी. ‘खाते’ या शब्दापासून ‘खतावणे’ हे क्रियापदही मराठीने घडविले आहे. येथे काळाचा क्रम सुटतो आणि अर्थाचा क्रम येतो. शेवटी अनेक खात्यांचे सार एका दृष्टीत मावेल असे मांडावयाचे, तो गोषवारा. मूळ फारसी शब्दाचा एक अर्थ कानातील अलंकार, असा आहे. ‘गोश’ म्हणजे कान. हिशेबाचे सार या अर्थानेही तो फारसीतच रूढ होता आणि त्या अर्थाने तो मराठीत स्थिरावला.

या तीन पायऱ्यांखेरीज आणखी काही संज्ञा लक्षात घेण्याजोग्या आहेत. आगाऊ अंदाज तो अजमास आणि प्रत्यक्ष घडलेल्या जमाखर्चाचा अखेरचा हिशेब ती झडती. दोहोंना निराळी नावे असल्यामुळे अपेक्षा आणि वस्तुस्थिती यांची गल्लत होत नसे. ‘ताळा’ म्हणजे केलेल्या गणिताची उलट बाजूने घेतलेली परीक्षा. ‘ताळेबंद’ या शब्दात तो आजही ऐकू येतो.

शिवकाळात रघुनाथ पंडितांनी राजव्यवहारकोश सिद्ध केला आणि अरबी-फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. तरीही कीर्द, जमा, खर्च, बाकी आणि गोषवारा हे शब्द टिकून राहिले. त्यांच्यामागे लिहिणाऱ्यांच्या हाताला पडलेले वळण होते आणि कामाची पायरी दाखविणारा शब्द ती पायरी चालू असेपर्यंत सहसा मरत नाही.

या दृष्टीने पाहता आजच्या भ्रमणध्वनीवर जे साठत जाते, ती निव्वळ कीर्द आहे. संदेश आलेल्या क्रमाने खाली उतरतात. ‘१५०० रुपये जमा झाले’ असा निरोप येतो, पण ते कोणत्या खोलीचे आणि कोणत्या रात्रीचे, हे त्यात सहसा नसते. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीने पैसे घेणे अत्यंत सोपे झाले, परंतु खतावण्याचे काम तिने कोणाच्या वतीने केलेले नाही. खतावणी नसलेली कीर्द वाढतच जाते आणि तिच्या अखेरीस गोषवारा नसल्यामुळे हंगाम संपल्यावर नफा झाला की केवळ दगदग झाली, हे सांगता येत नाही.

३. थोडक्या खुणांचे सामर्थ्य

व्यवहारातील बोलीने आणखी एक उपाय योजिला आहे, तो संक्षेपाचा. आंब्याच्या व्यापारात ‘पाच डझनाची पेटी’ म्हटले, की ऐकणाऱ्याला केवळ फळांची संख्या कळते असे नाही. पेटीचा आकार ठरलेला असल्यामुळे त्यात जितके डझन कमी, तितके फळ मोठे, हे त्याला ताबडतोब उमगते. संख्या, आकार आणि अप्रत्यक्षपणे दर, या तीन गोष्टी एका अंकात सामावतात. घरगुती खानावळीतही ‘उद्या किती पाने?’ एवढेच विचारले जाते. ‘पान’ या एका शब्दात माणूस, त्याचे ताट आणि त्याच्यासाठी लागणारा शिधा यांचा मेळ असतो. तांदूळ किती धुवावयाचा आणि नारळ किती खवावयाचे, हे पानांच्या आकड्यावरून ठरते.

किनाऱ्यावरच्या गावांतून दिसणारी ‘घरगुती जेवणाची व राहण्याची सोय’ ही पाटीही याच दृष्टीने वाचण्याजोगी आहे. ‘घरगुती’ या शब्दाने यजमान आपली मर्यादा आणि आपला गुण एकदम सांगतो. येथे पन्नास पदार्थ मिळणार नाहीत, जे मिळेल ते घरच्यासारखे मिळेल, आणि जेवावयाचे असेल तर आधी सांगावे लागेल, हे सर्व त्यात अध्याहृत आहे. उकडीच्या मोदकांसाठी आदल्या दिवशी नग सांगून ठेवण्याची पद्धतही यातलीच. मागणी आधी आल्यामुळे अंदाजाची गरज उरत नाही आणि अंदाजासाठी लागणारी माहितीही गोळा करावी लागत नाही.

संक्षेपाचे सर्वांत प्रसिद्ध मराठी उदाहरण मुंबईतील डबेवाल्यांचे होय. महादेव हवाजी बच्चे यांनी १८९० साली सुरू केलेल्या या कामात मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतील माणसे पिढ्यान् पिढ्या आली. डबा घरापासून कचेरीपर्यंत जाताना अनेक हात बदलतो. तरी त्याच्यावर खाणाऱ्याचे नाव किंवा पूर्ण पत्ता नसतो. झाकणावर मोजकी अक्षरे, अंक आणि रंग असतात. निघण्याचे स्थानक, उतरण्याचे स्थानक, तेथे वाटणाऱ्याचा क्रमांक, इमारत आणि मजला, एवढेच त्यांतून कळते. प्रत्येक टप्प्यावरच्या माणसाला त्यांपैकी आपल्या कामापुरती एक-दोन चिन्हेच वाचावी लागतात. २०२० च्या महासाथीत कचेऱ्या बंद पडल्याने या व्यवसायाला जबर धक्का बसला आणि पुष्कळांना गावी परतावे लागले. तो आघात मागणी नाहीशी झाल्याचा होता, त्यामुळे चिन्हव्यवस्थेच्या गुणाला बाध येत नाही.

पाणिनीच्या व्याकरणपरंपरेने ज्याला ‘लाघव’ म्हटले, त्याचाच हा व्यावहारिक अवतार आहे. सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृत भाषेची रचना बांधताना पाणिनीने प्रत्येक जादा अक्षर टाळले. परंतु त्या लाघवाला एक अट आहे, ती म्हणजे संक्षेप उलगडण्याची रीत वाचणाऱ्यास ठाऊक असली पाहिजे. संज्ञा आणि परिभाषा आधी शिकविल्या नाहीत, तर सूत्र कोडे बनते. व्यवसायातही घरातल्या प्रत्येकाला खुणांचा अर्थ सारखाच माहीत असेल, तरच संक्षेप उपयोगी पडतो. वहीतली खूण एकट्या यजमानालाच कळत असेल आणि तो चिपळूणला बाजाराला गेला असेल, तर ती खूण नसल्यासारखीच.

४. पर्याय किती असावेत?

साधेपणाच्या बाजूने नेहमी दिला जाणारा एक प्रयोग येथे तपासून घेणे अवश्य आहे. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात एका दुकानात कधी चोवीस प्रकारचे, तर कधी सहा प्रकारचे मुरंबे चाखण्यास ठेवले होते. चोवीस प्रकारांपाशी अधिक लोक थांबले, परंतु थांबलेल्यांपैकी सुमारे तीन टक्क्यांनीच खरेदी केली. सहा प्रकारांपाशी ते प्रमाण सुमारे तीस टक्के होते. या निष्कर्षाचा पुढे फार सरसकट प्रचार झाला. २०१० साली अशा पन्नास प्रयोगांचा एकत्रित विचार झाला, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य आढळला. २०१५ च्या दुसऱ्या अभ्यासाने मात्र अटी स्पष्ट केल्या. निवड करणाऱ्याला आपली आवड निश्चित ठाऊक नसेल, पर्यायांची तुलना अवघड असेल किंवा निर्णय घाईचा असेल, तेव्हाच पर्यायांची गर्दी बाधते.

वेळणेश्वरास प्रथमच येणारा पाहुणा नेमका या अटींत बसतो. कोणता मासा कोणत्या दिवसांत चांगला, हे त्याला माहीत नसते. यजमानाला ते माहीत असते. म्हणून ‘आज काय आहे?’ या प्रश्नाला दोन पदार्थांचे खात्रीचे उत्तर देणे, हे वीस पदार्थांच्या छापील यादीपेक्षा पाहुण्याच्या अधिक हिताचे ठरते. पावसाळ्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस दरवर्षी बंदी असते. त्या काळात छापील यादी तर खोटीच पडते. उलट, वर्षानुवर्षे येणाऱ्या आणि आपली आवड जाणणाऱ्या पाहुण्याला अधिक पर्याय दिल्याने काही बिघडत नाही. तात्पर्य, साधेपणा हा सरसकट पाळावयाचा नियम नाही. तो समोरच्या माणसाच्या गरजेवर ठरतो.

एकाग्रतेच्या बाबतीत लिज्जत पापडाच्या उद्योगाचा आरंभ उद्बोधक आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. सुरुवातीस त्या दोन प्रतींचे पापड करीत. एक चांगला आणि एक स्वस्त. छगनलाल करमसी पारेख यांनी त्यांना एकच उत्तम प्रत ठेवण्याचा आणि हिशेब चोख ठेवण्याचा सल्ला दिला. पुढे या संस्थेने आगपेट्या, उदबत्त्या यांसारख्या निराळ्या वस्तूंचे जे प्रयत्न केले, त्यांना यश आले नाही. पापडाने मात्र संस्था मोठी केली. एक प्रत ठेवली, की दुसरीचा दर, तिचा साठा आणि दोहोंतील फरकाविषयीच्या तक्रारी, एवढी माहिती जन्मालाच येत नाही. माहिती आवरण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग ती निर्माण न करणे, हा होय.

५. एका घराची वही

वरील विवेचन एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, तीन खोल्यांचे एक घर आहे. हंगामाच्या एका आठवड्यात चाळीस विचारणा येतात. प्रत्येक विचारणेत कितीही मजकूर असला, तरी यजमानाला चारच गोष्टी हव्या असतात : रात्री कोणत्या, खोल्या किती, पाने किती, आणि जेवण शाकाहारी की मासळीचे. ‘काकू, आम्ही शनिवारी येतोय, समुद्र जवळ आहे ना?’ या वाक्यात चारांपैकी केवळ एक गोष्ट आहे. उरलेल्या तीन विचारून घेणारा एकच ठराविक प्रश्न तयार असावा आणि घरातल्या प्रत्येकाने तोच विचारावा.

वहीत प्रत्येक रात्रीला एक पान आणि प्रत्येक खोलीला एक ओळ, अशी आखणी केली, की खतावणी आपोआप होते. नाव केव्हा लिहावयाचे, याचा नियम जुन्या व्यवहारातच आहे. विसार आल्याशिवाय सौदा पक्का नाही, म्हणून विसार आल्याशिवाय ओळ भरावयाची नाही. एका ओळीत दुसरे नाव बसत नाही. त्यामुळे एकच खोली दोघांस कबूल होण्याची शक्यता वहीच्या आखणीनेच नाहीशी होते. आठवड्याच्या अखेरीस गोषव्यात तीन आकडे पुरेत : किती रात्री भरल्या, किती पाने वाढली आणि खर्च वजा जाता काय उरले. मागील हंगामाचे तेच तीन आकडे शेजारी असले, म्हणजे पुढल्या हंगामाचा अजमास बांधता येतो.

सायमनने १९५६ साली मांडलेली आणखी एक कल्पना येथे लागू पडते. मर्यादित बुद्धीचा माणूस सर्वोत्तम पर्याय शोधीत बसत नाही. पुरेसा चांगला पर्याय सापडताच थांबतो. तीन खोल्यांच्या घराने शेजारच्या दहा घरांचे दर रोज पाहून आपला दर रोज बदलणे, ही सर्वोत्तमाची शोधाशोध होय. तीत मिळणारा लाभ थोडा असतो आणि खर्च होणारे लक्ष फार असते. हंगामाच्या प्रारंभी एकदा दर ठरविणे पुरेसे असते.

याविरुद्ध एक गंभीर आक्षेप संभवतो. माहिती थोपविणारा दरवाजा हवी ती माहितीही थोपवील काय? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने कोकणातील नारळी-पोफळीच्या बागांची आणि घरांची मोठी हानी केली. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गेले आणि त्याच वर्षी जुलैच्या २२ तारखेस चिपळूण शहर पुराखाली गेले. अशा वेळी आलेली एक सूचना वर्षभराच्या सर्व अभिप्रायांपेक्षा मोलाची असते. क्लॉड शॅनन याने १९४८ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार जी घटना विरळ, तिच्या वार्तेत माहितीचे प्रमाण अधिक. परंतु नेमक्या अशा विरळ वार्ताच गर्दीत हरवतात. तेव्हा हवामान आणि समुद्र यांविषयीच्या अधिकृत सूचनांसाठी एक दार सदैव उघडे ठेवावे, आणि ते उपयोगी पडावे म्हणूनच उरलेली दारे ठराविक वेळीच उघडावीत. अभिप्राय आठवड्यातून एकदा वाचावेत; एकट्या अभिप्रायाने बदल करू नये, परंतु तीच तक्रार पुन्हा आली तर ती खतावून घ्यावी.

समारोप

लहान व्यवसायाचा साधेपणा म्हणजे अज्ञान किंवा जुन्याचा हट्ट नव्हे. पाहुणा जोडण्यासाठी नवी साधने वेळणेश्वरातील घरांनाही हवीतच. प्रश्न एवढाच, की त्या साधनांनी आणलेल्या कच्च्या कीर्दीची खतावणी कोण करणार आणि गोषवारा कोण पाहणार. मोठ्या संस्थेत त्यासाठी निराळी माणसे असतात. तीन खोल्यांच्या घरात ती माणसे म्हणजे भाकरी थापणारी, आगराला पाणी घालणारी आणि परीक्षेचा अभ्यास करणारी घरचीच माणसे होत. त्यांचे लक्ष हे त्या व्यवसायाचे खरे भांडवल आहे. ते कशावर खर्च व्हावे, हे बाहेरून येणाऱ्या संदेशांच्या क्रमाने ठरू देणे म्हणजे भांडवलावरचा ताबा सोडणे होय.

व्यवहारभाषेच्या अभ्यासकांसाठीही येथे एक मोठे क्षेत्र खुले आहे. हिशेबाच्या परिभाषेचा अभ्यास बहुधा शब्दांची व्युत्पत्ती आणि परकीय प्रभाव यांपाशी थांबतो. त्या शब्दांनी कामाच्या कोणत्या पायऱ्या जपून ठेवल्या, कोणत्या पायऱ्या यंत्राने गिळल्या आणि त्यांबरोबर कोणते शब्द मागे पडले, हेही तपासले पाहिजे. ‘खतावणे’ हे क्रियापद तरुण पिढीच्या बोलण्यात आज विरळ झाले आहे. शब्द गेला तरी काम उरतेच. नाव नसलेले काम मात्र कोणाच्याच वाट्याला येत नाही आणि हंगामाच्या ऐन गर्दीत, दारात उभ्या असलेल्या पाहुण्याच्या समोर, त्याची आठवण होते.